पेशकारसाहेबांची यादी आणि बाईंची हरकत

प्रवासवर्णने, यात्रापंचांगे आणि सरकारी पर्यटनपुस्तिका यांचे जे विपुल वाङ्मय आपल्याकडे आहे, त्यात बिलोलीचे नाव शोधू जाणाऱ्याच्या पदरी बहुधा निराशाच येते. नांदेडला सचखंड गुरुद्वारात मस्तक टेकवणारा यात्रेकरू पुढे निघालाच तर माहूरची रेणुका गाठतो, किंवा गोदावरीच्या काठाने खाली उतरून बासरच्या सरस्वतीपुढे मुलाला पहिले अक्षर गिरवायला बसवतो. आणि हैदराबादेस जाणारा प्रवासी नरसीच्या फाट्यावर चहा घेऊन देगलूरच्या वाटेला लागतो. त्याच नरसीहून जो दुसरा रस्ता फुटतो, तो बिलोलीवरून येसगीच्या पुलापाशी मांजरा ओलांडून बोधनला, म्हणजे तेलंगणात, उतरतो. परंतु त्या रस्त्याने जाणारे लोक कामाने जातात, पाहायला म्हणून कोणी जात नाही.

या उपेक्षेचे मनापासून दुःख वाटणारे एक गृहस्थ आणि या उपेक्षेमुळेच गावाचे काही शिल्लक राहिले आहे असे मानणाऱ्या एक बाई, या दोघांच्या मध्ये बसून त्यांचा वाद ऐकण्याचा योग मला आला. गृहस्थ महसूल खात्यातून नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांचे वडील निजामी अमलात तहसिलीत पेशकार होते. राज्य गेले, हुद्दा गेला, पण नाव मात्र वारसाहक्काने मुलाकडे आले, आणि गाव आजही त्यांना पेशकारसाहेब म्हणूनच ओळखते. बाई मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांचे माहेर मांजरेपलीकडे बोधनच्या बाजूला. आई घरात तेलुगू बोलणारी, वडील मराठी, आणि शेजार दखनी उर्दूचा. वादाचे निमित्त होते पेशकारसाहेबांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलेला, जिल्हाधिकाऱ्यांस द्यावयाच्या अर्जाचा मसुदा. त्यात चार कलमे होती आणि त्यांखाली गावातील प्रतिष्ठितांच्या सह्या घ्यावयाच्या होत्या. बाईंच्या सहीसाठी जागा राखून ठेवलेली होती, ती रिकामी होती.

पेशकारसाहेब : बाई, परगावच्या माणसाला आज बिलोली कशामुळे ठाऊक आहे ते सांगू? रेतीमुळे. मांजरेची लाल रेती म्हटले की हैदराबादपर्यंतचा ठेकेदार येसगीचे आणि सगरोळीचे घाट नावानिशी सांगतो. ज्या गावात नवाब सरफराज खानाची सतराव्या शतकातली दगडी मशीद उभी आहे, ज्या तालुक्यात १९४६ साली हैदराबादच्या मुक्तिसंग्रामात गोविंदराव पानसरे यांचे रक्त सांडले, ज्याच्या शिवेपासून थोड्याच अंतरावर मांजरा गोदावरीला मिळते, ते गाव नदीतून उपसलेल्या रेतीने ओळखले जावे, हे तुम्हांला खटकत नाही?

बाई : खटकते. पण रेती उपसणारे परगावचेच, आणि तुम्ही ज्यांना बोलावू पाहता तेही परगावचेच. पहिल्यांनी नदी रिकामी केली. दुसरे काय रिकामे करतील याचा अंदाज घेतल्यावाचून सही कशी करू?

पेशकारसाहेबांना हा टोला अनपेक्षित नसावा. त्यांनी शांतपणे चष्मा पुसला आणि मसुद्याचे पहिले कलम वाचून दाखवले : मशिदीची रीतसर मोजणी व्हावी, दगडी बांधकामाची तज्ज्ञांकडून पाहणी होऊन जेथे सांधे उघडे पडले असतील तेथे दुरुस्ती व्हावी, आणि इमारतीचा इतिहास मराठी, उर्दू व तेलुगू अशा तिन्ही भाषांत लिहिलेला फलक बाहेर लावावा. बाईंनी या कलमावर एकच प्रश्न विचारला, की फलकावरचे मराठी कोण तपासणार. आणि ते काम त्यांच्याकडे देण्याचे तत्काळ मान्य झाल्यावर कलम बिनविरोध मंजूर झाल्यासारखे झाले. मला येथे थोडे आपले मत घुसडावेसे वाटते. दगडी इमारतीला भक्तांच्या श्रद्धेने सावली मिळते, पण तिच्या छतात शिरलेले पिंपळाचे मूळ श्रद्धेने निघत नाही. त्याला अंदाजपत्रक लागते, गवंडी लागतो आणि चुन्याचे प्रमाण जाणणारा अधिकारी लागतो. देगलूर तालुक्यातील होट्टलला उत्तर चालुक्यकालीन सिद्धेश्वर मंदिराच्या जीर्णोद्धाराचे काम झाले, ते पाहून आलेल्या कोणालाही हे समजावून सांगावे लागत नाही. तेव्हा या एका बाबतीत दोघांचे एकमत व्हावे, यात नवल काही नव्हते.

पेशकारसाहेब : होट्टलचेच उदाहरण घ्या. तिथे आता जिल्हा प्रशासन महोत्सव भरवते. नांदेडची माणसे सहकुटुंब येतात, त्या दिवसांत त्या लहानशा गावात वर्दळ होते, चार पैसे गावात राहतात. माळेगावचेही तेच. लोहा तालुक्यातले ते गाव वर्षभर कोणाच्या लक्षात नसते; पण मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरली की घोडे, उंट, गाढवे, बैल यांचा बाजार, कुस्त्यांचा फड, जिल्हा परिषदेचे कृषिप्रदर्शन आणि लावणी महोत्सव, असा सगळा थाट उभा राहतो. मग बिलोलीनेच काय घोडे मारले आहे?

बाई : पेशकारसाहेब, माळेगावची यात्रा जिल्हा परिषदेने भरवली नाही. जिल्हा परिषद जन्माला येण्याच्या कितीतरी आधीपासून जनावरांचे व्यापारी आणि खंडोबाचे वारू त्या माळावर येत होते. परिषदेने तिथे नळ नेला, दिवे लावले, जनावरांचा दवाखाना उघडला. ते तिचे कामच होते आणि तिने ते केले. होट्टललाही आधी देऊळ होते, मग उत्सव झाला. तुम्ही मात्र चौथ्या कलमात आधी मांडव घालायचा म्हणता आणि मग त्यात बसवायला देव शोधायचा म्हणता.

चौथे कलम वाचून दाखविण्याची पाळी अशा रीतीने अवेळीच आली. त्यात असे म्हटले होते की, आश्विन मासी तीन दिवसांचा ‘बिलोली महोत्सव’ भरवावा, आणि त्यात तालुक्यातील पोळा, मोहरमची सवारी व बतुकम्मा या तिन्ही लोकोत्सवांचे रंगमंचावर सादरीकरण होऊन उत्कृष्ट पथकांस रोख पारितोषिके द्यावीत. मसुदा लिहिणाऱ्याच्या हेतूत काही खोट नव्हती, हे मी खात्रीने सांगतो. ज्या माणसाने तीस वर्षे दुष्काळी कामांचे हजेरीपट तपासले, त्याला आपल्या तालुक्याच्या नावापुढे एकदा तरी काहीतरी आनंदाचे लिहिले जावे असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे.

बाई : पोळा रंगमंचावर! तुमच्या घरी बैल होते ना? खांदेमळणीच्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला हळद आणि लोणी चोळताना तुमच्या हाताला जुवाचा घट्टा लागला असेल. वर्षभर जिथे जू बसले तिथली कातडी दगडासारखी झालेली असते. ती बोटांनी मऊ करत करत दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण त्याच्या कानात सांगायचे. दुसऱ्या दिवशी शिंगांना रंग, अंगावर झूल, कपाळाला बाशिंग, आणि मारुतीपुढे मानाच्या बैलामागे उभे राहून पोळा फुटायची वाट पाहायची. यात पाहणारा कोण आणि दाखवणारा कोण? ज्याच्याकडे बैल नाही तोसुद्धा मातीचा बैल करून पाटावर मांडतो. प्रेक्षकाला जागाच नाही या सणात.

पेशकारसाहेब : बैल होते, बाई. आता दावणीला ट्रॅक्टर आहे. वेशीत उभे राहणाऱ्या जोड्या वर्षागणिक कमी होताना तुम्हीही पाहता. मी बैलाला रंगमंचावर चढवतो आहे म्हणून तुम्ही हसता, पण आणखी काही वर्षांनी वेशीत उभे करायलाच कोणी उरले नाही तर?

बाई : तर पारितोषिकाने बैल परत येणार आहेत का? बैल गेला तो मशागत बदलली म्हणून, वैरण परवडेना म्हणून, माणूस शहरात गेला म्हणून. पारितोषिक घेण्यापुरती एखादी जोडी कोणी भाड्याने आणील, आणि मग आपल्याकडे पोळा आहे असा अहवाल तेवढा वर जाईल.

यावर पेशकारसाहेब काही बोलले नाहीत. अहवाल कसा वर जातो हे त्यांच्याइतके आमच्यांत दुसऱ्या कोणालाच ठाऊक नव्हते. मोहरमच्या बाबतीत तर त्यांचे कलम आपोआपच निकालात निघाले, कारण चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे आणि मुस्लिम पंचांगात अधिक मास नसल्यामुळे मोहरम सगळ्या ऋतूंतून फिरत असतो. त्याला दरवर्षी आश्विनात हजर राहा असा हुकूम कोणत्याही कचेरीला काढता येत नाही. बाईंनी हे हसत हसत निदर्शनास आणले, पण पुढचे बोलताना त्यांचा स्वर बदलला.

बाई : माझा धाकटा भाऊ दोन वर्षांचा असताना तापाने फणफणला. आईने पिराला नवस केला, की पोर उठले तर दर मोहरमला त्याला फकीर करीन. पुढे कित्येक वर्षे त्याच्या गळ्यात लाल-हिरवी बद्धी घालून ती पंज्यांपुढे नेत असे, आणि मलिद्याचा पहिला घास त्याला. आम्ही हिंदू. पंजे बसवणारे मुसलमान. अलाव्याचा खड्डा खणून त्यासाठी लाकूड आणणारे तिसरेच. आपल्या या निजामी मुलखात गावोगाव हे असेच चालत आले. तुम्ही त्याला सादरीकरण म्हणता. माझ्या आईने नवस केला होता, पेशकारसाहेब, आणि फेडला होता.

पेशकारसाहेब : हे तुम्ही लिहून काढा. मी गंभीरपणे म्हणतो. माझ्या वडिलांच्या दफ्तरात इनामांचे मुंतखब होते. कोणत्या देवळाला, कोणत्या दर्ग्याला, कोणत्या आशूरखान्याला दिवाबत्तीसाठी किती जमीन, ते सगळे फारसी-उर्दूत लिहिलेले. निजामाच्या अव्वल कारकुनालाही दिव्याच्या तेलाची नोंद करावीशी वाटली. आपल्याला नुसते पाठ राहील एवढ्यावर सोडायचे? तुमच्या आईचा नवस तुमच्यानंतर कोणाला माहीत असणार?

मला वाटते, सगळ्या वादातला पेशकारसाहेबांचा सर्वांत सबळ मुद्दा हा होता, आणि बाईंनाही तो तसाच वाटला असावा, कारण त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. उत्सव आपला आपण टिकतो ही समजूत फार गोड आहे, परंतु तो ज्यांच्या जोरावर टिकतो त्या आया आणि आज्या जात असतात, आणि त्यांच्यामागे उरलेली नातवंडे पुण्याच्या किंवा हैदराबादच्या एखाद्या सदनिकेत सुट्टीचा हिशेब करीत असतात.

बतुकम्माचा विषय निघाला तेव्हा बाई जागेवरून उठल्या. भाद्रपदी अमावास्येपासून आश्विनाच्या अष्टमीपर्यंत नऊ दिवस चालणारा हा फुलांचा सण मांजरेच्या दोन्ही तीरांवर होतो. पितळेच्या ताटात खाली भोपळ्याची रुंद पाने अंथरायची, त्यांवर तरवडाच्या पिवळ्या फुलांचे कडे, त्याच्या आत आणि वर कुर्डूच्या पांढऱ्या-गुलाबी तुऱ्यांचे दुसरे कडे, देठ आतल्या बाजूस वळवून असे दाबत जायचे की बाहेरून फक्त फूल दिसावे. मग झेंडू, जास्वंद, जे मिळेल ते, आणि शेंड्याला हळदीची गौरी. सायंकाळी बायका ही ताटे मध्ये ठेवून टाळ्यांच्या ठेक्यावर फेर धरतात आणि शेवटच्या दिवशी ती फुले तळ्यात सोडतात. बाई हे सगळे हाताने दाखवीत होत्या, जणू ताट समोरच होते.

पेशकारसाहेब : आता पाहा. हाच सण येसगीचा पूल ओलांडला की राज्योत्सव आहे. तेलंगण राज्य झाले आणि २०१४ सालीच त्यांनी बतुकम्माला तो मान दिला. तिकडे सरकारने बायकांना साड्या वाटल्या, तळ्यांना घाट बांधले. इकडे त्याच जातीची फुले, त्याच बायका, तेच गाणे, आणि आपल्या कचेरीतल्या सणांच्या यादीत त्याला नावसुद्धा नाही. १९५६ साली रेघ ओढताना गिरदावर सर्कलींची वाटणी झाली. देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही सर्कले, मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही सर्कले तिकडे गेली, आणि आपण उरलेल्या नांदेड जिल्ह्याबरोबर मुंबई राज्यात आलो. पण बायका काही सर्कलीप्रमाणे वाटल्या गेल्या नाहीत. अलीकडे काही गावांनी आम्हांला तेलंगणात घाला अशी मागणी केली तेव्हा मुंबईत आश्चर्य झाले. मला झाले नाही.

बाई : साड्यांचे म्हणता? २०१७ साली त्या पहिल्यांदा वाटल्या तेव्हा प्रत निकृष्ट म्हणून तिकडच्या काही बायकांनी त्या चक्क जाळल्या. मी तिकडची लेक आहे, मला दोन्हीकडच्या बातम्या कळतात. मान मिळाला याचा मला आनंदच आहे, नाही म्हणत नाही. पण आमची अडचण साडीची नाही, तरवडाची आहे. तरवड आणि कुर्डू ही पेरून येणारी फुले नव्हेत. ती बांधावर, पडीक रानात, पिकातले तण म्हणून येतात. सोयाबीनवर तणनाशक मारायला लागल्यापासून कुर्डू गेला, आणि बांध कोरून कोरून शेतात घेतल्यापासून तरवडाला उभे राहायला जागा नाही. गेल्या खेपेला मी बाजारातून झेंडू विकत आणून ताट रचले. तुमच्या अर्जात एक कलम घालायचेच असेल तर असे घाला, की तळ्याकाठची आणि गायरानाची अमुक इतकी जमीन नांगराखाली जाऊ द्यायची नाही.

पेशकारसाहेबांनी हे कलम तिथल्या तिथे समासात टिपले. गायरानाच्या अतिक्रमणाच्या मिसली त्यांनी नोकरीत असताना बऱ्याच हाताळल्या असल्यामुळे, ते किती कठीण आहे हे सांगायलाही ते विसरले नाहीत. मला गंमत याची वाटली की, महोत्सवाला विरोध करणाऱ्या बाईंनी सरकारकडे जे मागितले ते पेशकारसाहेबांच्या मागणीपेक्षा कितीतरी मोठे होते.

राहिले दुसरे आणि तिसरे कलम. तिसऱ्यात बिलोली, सगरोळी, होट्टल आणि कंदकुर्तीचा संगम यांना जोडणारी एस. टी. सुट्टीच्या दिवशी सुरू करावी असे सुचविले होते. सगरोळीला १९५९ पासून संस्कृती संवर्धन मंडळाचे शैक्षणिक कार्य चालू आहे. कंदकुर्तीला गोदावरी, मांजरा आणि हरिद्रा यांचा त्रिवेणी संगम असून २०१५ च्या गोदावरी पुष्करात तेथे स्नानाला मोठी गर्दी लोटली होती, आणि बारा वर्षांनी, म्हणजे २०२७ मध्ये, ती पुन्हा लोटेल. बाईंचे म्हणणे एवढेच की ही गाडी आधी शाळेच्या मुलांसाठी सोडावी, पाहुण्यांसाठी नंतर. ते मान्य झाले.

दुसरे कलम अर्जापूरचे. पानसरे यांच्या हौतात्म्याच्या या स्थळी दरवर्षी सतरा सप्टेंबरला, म्हणजे १९४८ साली निजामी राजवट संपली त्या दिवशी, तालुक्यातील प्रत्येक शाळेतील मुलांनी पायी जावे, आणि तेथे भाषणांऐवजी त्या लढ्याची हकीकत वाचून दाखवावी. हे कलम इतर तिन्हींपेक्षा लहान, आणि अक्षर त्यातच थोडे हललेले होते. बाईंनी ते दोनदा वाचले.

बाई : यात तुम्ही भाषणे का वगळलीत?

पेशकारसाहेब : माझे वडील त्या वेळी तहसिलीत होते. पानसरे मारले गेल्याचा कागद त्यांच्याच मेजावरून गेला असणार. त्यांनी जन्मभर त्याविषयी एक अक्षर काढले नाही, मीही विचारले नाही. भाषण करायला उभा राहिलो तर मी काय बोलणार? हकीकत वाचता येते.

बाईंनी या कलमाखाली, समासात, बारीक अक्षरात आपली सही केली. नियमाप्रमाणे अर्जाच्या शेवटी करावयाची सही एका कलमाखाली करता येत नाही हे पेशकारसाहेबांनी सांगितले, तरी त्यांनी ती खोडली नाही. चौथे कलम मात्र अजून मसुद्यात आहे. त्यातून मोहरम आणि पोळा वगळण्यास पेशकारसाहेब तयार झाले आहेत, बतुकम्माच्या दिवशी तळ्याकाठी दिवे आणि पाण्याची सोय एवढ्यावरही कदाचित येतील. पण ‘महोत्सव’ हे नाव आणि पारितोषिके यांवर त्यांचा जीव आहे. मशीद, अर्जापूर, गाडी आणि गायरान ही कलमे सरकारने करण्यासारखी आहेत आणि ती वर्षानुवर्षे न झाल्याचा दोष सरकारचाच आहे. फेर मात्र बायकांनीच धरायचा असतो आणि बैलाचा खांदा ज्याने तो वापरला त्यानेच चोळायचा असतो. म्हणून चौथे कलम काढून बाकीचा अर्ज जसा आहे तसा धाडावा, असे मी पेशकारसाहेबांना सांगितले आहे. ते विचार करीत आहेत, आणि ते कलम निघेपर्यंत बाई शेवटच्या पानावर सही करणार नाहीत. त्यांनी करूही नये.